घाटात थांबणारी गाडी

गाडी माणूस ओळखते, असं चिपळूणच्या गाडीतळावर पूर्वी सर्रास म्हणत. एकाच्या हातात बिनबोभाट चालणारी गाडी दुसऱ्याच्या हातात गेली आणि कुरकुरायला लागली, की तिच्यात काय बिघडलंय ते शोधण्याआधीच दुसऱ्याच्या हाताला नाव ठेवून लोक मोकळे होत. तात्यांच्या अ‍ॅम्बॅसडरचं असंच झालं. तात्या होते तोवर तिने कराड, कोल्हापूर, पंढरपूर अशी भाडी मारली, कुणाला रस्त्यात उतरावं लागलं नाही. तात्या गेले, स्टिअरिंगवर त्यांचा मुलगा बाळा बसला आणि पहिल्याच पावसाळ्यात गाडी कुंभार्ली घाटात थांबायला लागली.

गाडी 1984 सालची, डिझेलची. हिंदुस्थान मोटर्सने 1980 च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरमध्ये डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली, तेव्हा भाड्याने गाडी चालवणाऱ्यांना मोठाच दिलासा मिळाला होता. इंजिन मूळचं ब्रिटिश बी.एम.सी. कंपनीचं, 1489 सीसीचं. ताकद जेमतेम 37 अश्वशक्ती. आत पाच माणसं, टपावर ट्रंका आणि समोर कुंभार्लीचा चढ, म्हणजे दुसऱ्या गिअरवर, कधी पहिल्यावर, दमादमाने वर जायचं. वेळ लागायचा, पण ती जायची. खर्च कमी, इंजिन साधं, आणि नादुरुस्त झालं तर गावोगावी पाने घेऊन बसलेला माणूस सापडायचा. अशा गाड्यांनी कोकणातली किती घरं उभी केली त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. तात्यांचं घर त्यांतलंच एक.

तात्यांचं पेट्रोल पंपावर खातं होतं. संध्याकाळी घरी येताना टाकी भरून घ्यायची, महिन्याअखेर हिशेब करायचा; कधी तो पुढच्या महिन्यावर जायचा. ते गेल्यावर पंपाच्या मालकाने वही पुढे केली तेव्हा आकडा मोठा निघाला. बाळाच्या आईने तो हप्त्याहप्त्याने फेडला आणि मुलाला एकच गोष्ट बजावली, की यापुढे उधारी नको. खिशात असेल तेवढंच डिझेल घ्यायचं. बाळाने ते पाळलं. सकाळी भाडं मिळालं की दहा लिटर, दुपारी पैसे आले की आणखी पाच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आणि वाटण्यासारखं काही नव्हतंच.

जुलै 1997. पोफळी मागे पडली, चढ लागला, पाऊस धो धो. एका वळणावर गाडीची ताकद उतरली. पाय तळापर्यंत दाबलेला, तरी आवाज खाली खाली येत चाललेला. मग इंजिनाने गचके दिले, मागे पांढुरका धूर निघाला आणि गाडी बंद. बाळाने हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. चावी फिरवली, तर स्टार्टर जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही.

डिझेल गाडी अशी थांबली की कोकणातलं पोरदेखील सांगेल, एअर धरली. बाळाने बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची छोटी दांडी बोटाने वरखाली करायला लागला. स्क्रूच्या कडेने आधी नुसता फेस आला. साबणाच्या फेसासारखा पांढरा नाही, पिवळसर, तडतडणारा. दांडी हलवत राहिलं की फेसाचे बुडबुडे मोठे होतात, मग विरळ होतात, आणि एका क्षणी त्यांच्या जागी नितळ, एकसंध डिझेल ओघळायला लागतं. तेव्हा स्क्रू कसायचा. त्यानंतर इंजेक्शन पंपावरचे स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट, प्रत्येक ठिकाणी तेच. पावसात, डोक्यावर गोणपाट घेऊन, मागे बसलेल्या माणसांचे सुस्कारे ऐकत त्याने हे सगळं केलं आणि गाडी सुरू झाली. वर पोचली, पाटणला पोचली, परतही आली.

एवढ्याशा हवेने एवढी गाडी का थांबावी, हे समजून घेण्यासारखं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीसपटीहून जास्त दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. तो फवारा नोझलमधून सुटायला शंभर वातावरणांहून अधिक दाब लागतो. डिझेल द्रव आहे, ते दबत नाही. पंपाने इकडून ढकललं की तिकडे नोझल उघडतंच. पण मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंप डिझेलला नव्हे, त्या बुडबुड्याला दाबत बसतो. बुडबुडा आकसतो, फुगतो, नोझल बंदच. गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा इंधन आत फुंकायला त्याने दाबलेली हवाच वापरली होती. पुढे तिची जागा आजच्यासारख्या पंपाने घेतली, आणि जी हवा सोबतीण होती तीच वैरीण झाली.

तर बाळा गाडी घेऊन खेर्डीच्या मिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री काही लुबाडणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत पहिल्या मिस्त्रीला खलनायक करण्याची रीत आहे. तो चोख होता. त्याने फिल्टर बदलला, त्याच्या रबरी रिंगा बदलल्या, बँजो बोल्टांखालचे तांब्याचे वायसर नवे घातले. सगळे जोड कोरडे पुसून इंजिन चालवलं, कुठे डिझेल पाझरतंय का ते कागद लावून पाहिलं. कागद कोराच राहिला. मग म्हणाला, "ट्रायलला घाटात जा. आणि जाताना टाकी फुल्ल करून जा, म्हणजे डिझेल कमी होतं की काय ही शंका नको."

सल्ला बिनचूक होता. कुठल्याही जाणत्याने हेच सांगितलं असतं. बाळाने टाकी भरली, घाट चढला, एकदाही गचका नाही. मिस्त्रीचे पैसे दिले.

आठवडाभराने गाडी पुन्हा थांबली. घाटातच.

मग फीड पंप उघडला. आतला पडदा जुना झाला होता, तो आणि व्हॉल्व्ह बदलले. पुन्हा टाकी भरून ट्रायल, पुन्हा गाडी छान. सणाच्या भाड्यांत चांगली पळाली आणि नवरात्रात थांबली. त्याच्याआधी एकदोनदा सकाळी सुरू व्हायलाही त्रास दिला होता; हीटर प्लग लाल होत होते, बॅटरी खणखणीत होती, तरी एअर काढल्याशिवाय पकडत नव्हती. मिस्त्रीने डोकं खाजवलं. आता उरला होता इंजेक्शन पंप.

इंजेक्शन पंप हे डिझेल गाडीतलं सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महाग काम. त्याच्या आतल्या दांड्या आणि भोकं यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. त्याला वंगण वेगळं नसतं. जे डिझेल तो पुढे ढकलतो तेच त्याचं वंगण. म्हणून पाणी आणि धूळ या दोन गोष्टी त्याला मारतात आणि म्हणून तो कोणी उघड्यावर खोलत नाही. पंप उतरवून कराडला पाठवला. तिथे तो बेंचवर चढला, सील बदलले, सेटिंग झालं. बिल आलं तेव्हा बाळाच्या आईने पोस्टातली ठेव मोडली. पंप बसवून गाडी कोल्हापूरला गेली. लांबचं भाडं, पार्टीने आगाऊ पैसे दिलेले, त्यामुळे निघतानाच टाकी फुल्ल. काय चालली गाडी! मिस्त्री म्हणाला, "बघ, पंपच होता." बाळालाही पटलं, आणि का पटू नये? पंप केला आणि गाडी चालली, याहून सरळ पुरावा कुठला?

डिसेंबरात लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाताना ती त्याच घाटात थांबली. मुहूर्त गाठायचा होता. वऱ्हाडी मागून आलेल्या एस.टी.त चढून गेले. नवऱ्या मुलाचा मामा जाताना एवढंच म्हणाला, "तात्यांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं हो."

हे वाक्य गाडीतळावर पोचायला एक दिवस लागला. मग ते वाढत गेलं. तात्यांचा हात वेगळा होता. पोरगा गिअर चुकीचे टाकतो. क्लच दाबून ठेवतो. कुणी म्हणालं बाधा आहे, आणि बाळाने त्या वळणावर नारळही फोडला. त्याच्या चुलत्यांनी घरी येऊन सांगितलं, "वहिनी, गाडी विकून टाका. प्रत्येकाला धंदा जमतोच असं नाही. पोराला मुंबईला पाठवू, माझ्या ओळखीचा एक कारखाना आहे." चुलत्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हेही खरं आहे.

वाईट झालं ते वेगळंच. बाळाला ते खरं वाटायला लागलं. तो चांगला चालवत होता, घाईगर्दी करत नव्हता, माणसांना सांभाळून नेत होता. पण आता तो तात्या बसायचे तसा सीटवर पुढे सरकून बसायला लागला. तात्या ज्या वळणावर दुसरा टाकायचे तिथेच दुसरा टाकायचा, इंजिन नको म्हणत असलं तरी. चढ लागला की त्याचे हात घामेजायचे. गाडीत चीर कुठे आहे ते कळेपर्यंत त्याच्या मनात दुसरी पडली होती, आणि ती गाडीतल्यापेक्षा मोठी होती असं मला वाटतं.

एस.टी.च्या आगारातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले एक अण्णा गावात राहत. मुलीकडे कोयनानगरला जायला त्यांनी बाळाची गाडी ठरवली. घाटात ती त्यांच्यासकट थांबली. बाळा खाली उतरून बॉनेटकडे निघाला, तर अण्णांनी त्याला थांबवलं. ते मागे गेले, टाकीच्या झाकणाला कान लावून झाकण हळूच फिरवलं. टाकीत हवा यायचं भोक बुजलं असेल तर आत पोकळी होते आणि झाकण उघडताना सुस्कारा येतो. पावसाळ्यात चिखलाने असं होतं. सुस्कारा आला नाही.

"हे नव्हे," अण्णा म्हणाले. "टाकीत किती आहे रे?"

"काटा मेलाय अण्णा. पण असेल की, दहाबारा लिटर असेल."

"मागे थांबली तेव्हा किती होतं?"

"आता काय सांगू?"

"त्याच्या मागे?"

बाळा गप्प राहिला. अण्णा रागावले नाहीत. "आमच्याकडे गाडी वाटेत बंद पडली की आधी कागद भरावा लागायचा. कुठे, किती वाजता, चढ की उतार, किती किलोमीटर झाले, डिझेल किती. पाना नंतर. पोरं कंटाळायची. पण अर्धी दुरुस्ती त्या कागदावर व्हायची. तू काही लिहून ठेवतोस का?"

"मी नाही," बाळा म्हणाला. "आई ठेवते."

परतल्यावर अण्णा चहाला म्हणून घरी आले. आईने लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली. उधारी फेडताना तिने ती सुरू केली होती, कारण त्या वेळी पंपाच्या वहीतला आकडा खरा की खोटा हे पडताळायला घरात एकही कागद नव्हता. तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, भाडं कुठलं. बाळा रात्री येऊन सांगायचा, ती लिहायची. गाडीबद्दल तिला यातून काही शिकायचं नव्हतं. तिला फक्त पैसे कुठे जातात ते बघायचं होतं.

अण्णांनी गाडी थांबली ते दिवस विचारले. तिने प्रत्येकापुढे पेन्सिलीने फुली केली. ते दिवस ती विसरली नव्हती. मग दोघांनी हिशेब मांडला. लिटरला चौदा किलोमीटर धरले, शेवटची टाकी कधी फुल्ल केली तिथून पुढे मीटर मोजले, मध्ये घातलेलं डिझेल मिळवलं, जळालेलं वजा केलं. टाकीत पन्नास लिटरच्या वर मावतं. पहिल्या फुलीपाशी उरलेलं निघालं वीसच्या आत. दुसऱ्यापाशीही. तिसऱ्या फुलीचा हिशेब मांडायच्या आधी आईनेच बोट ठेवलं.

"अण्णा, फुलीच्या आदल्या दिवशी कुठेच जास्त डिझेल घेतलेलं नाही. आणि हे बघा, मिस्त्रीकडून आणली त्या प्रत्येक दिवशी टाकी फुल्ल आहे. त्यानंतर आठ-दहा दिवस फुली नाही."

अण्णांनी वही आपल्याकडे ओढली, पानं मागे-पुढे चाळली. मिस्त्रीच्या ज्या दुरुस्त्यांनी गाडी सुधारली होती, त्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक भरलेली टाकी होती. गाडी चालली ती दुरुस्तीने की डिझेलने, हे ट्रायलमध्ये कळायला वावच नव्हता. शंका नको म्हणून टाकी भरली होती, आणि जी शंका घ्यायला हवी होती तीच त्या भरलेल्या टाकीत बुडाली होती.

"उद्या खेर्डीच्या मिस्त्रीला इथे बोलाव," अण्णा म्हणाले. बाळाने कपाळाला आठी घातली. "अरे, ज्याने काम केलंय त्याच्यासमोर बघू. त्यालाही कळू दे, आणि त्याच्याइतकी ही गाडी मला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणातच काम सुरू झालं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून पाणसळीची पारदर्शक नळी आणली. तिचा वीतभर तुकडा टाकीकडून येणारी नळी आणि फीड पंप यांच्यामध्ये जोडला, दोन्ही टोकांना क्लिपा कसल्या. एअर काढून इंजिन सुरू केलं. आता डिझेल येताना दिसत होतं. आधी नळी भरलेली, पिवळी, स्थिर. बाळाने आवाज वाढवला. नळीच्या टाकीकडच्या टोकाला एक बारीक बुडबुडा दिसला, मग त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ पंपाकडे सरकायला लागली. मिस्त्री उकिडवा बसून बघत होता. एवढे महिने ज्या हवेशी तो झगडला ती त्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली.

"हवा पंपाच्या आधीच येतेय," तो म्हणाला.

"आणि म्हणून तुझा कागद कोरा राहिला," अण्णा म्हणाले. "फीड पंपाच्या पुढे गळती असली तर डिझेल बाहेर येतं, दिसतं. पंपाच्या मागे सगळी ओढ असते. तिथे गळती असली तर बाहेर काही येत नाही, हवा आत जाते."

मग नळीचं टोक टाकीच्या बाजूने काढून पाच लिटरच्या डब्यात सोडलं. इंजिन कितीही वाढवलं तरी बुडबुडा नाही. म्हणजे पंप, फिल्टर, पुढचं सगळं निर्दोष. दोष मागे, एकतर गाडीखालून येणाऱ्या नळीत नाहीतर टाकीत. तो कुठल्यात, हे ठरवायला अण्णांनी पाना मागितला नाही. नळी पुन्हा टाकीला जोडायला लावली, बुडबुडे परत आलेले सर्वांना दाखवले आणि बाळाला म्हणाले, "आता टाकीत डिझेल ओत. हळूहळू." एक डबा गेला, बुडबुडे तसेच. आणखी दोन गेले, माळ विरळ झाली. पुढचा अर्धा डबा ओतला आणि नळी नितळ झाली. बाळाने आवाज वाढवला, कमी केला, वाढवला. नितळच.

गाडीखालची नळी फुटली असती तर टाकीत किती डिझेल आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. टाकी भरल्याने जी गळती बंद होते ती टाकीच्या आतच असायला हवी. टाकीत वरून खाली उतरणारी एक नळी असते, तिच्या तळाच्या तोंडातून डिझेल ओढलं जातं. शहाळ्यातल्या नळीला मध्यावर भोक असावं तसं हे. पाणी भोकाच्या वर आहे तोवर पिणाऱ्याला काही कळत नाही. पातळी खाली गेली की पाण्याऐवजी हवा तोंडात येते. आणि घाटच का, याचंही उत्तर त्यातच होतं. चढावर टाकीतलं डिझेल मागे सरतं, पुढच्या अंगाला असलेल्या नळीपाशी पातळी खाली जाते, चीर उघडी पडते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन जास्त डिझेल मागत असतं. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सुरू व्हायला कटकट. मागच्या पावसाळ्यापासूनच्या सगळ्या तक्रारी एका जागी आल्या.

मिस्त्रीने टाकी रिकामी करून खाली घेतली. तळाशी काळा बुळबुळीत थर होता. डिझेलच्या खाली पाणी साचलं की त्यांच्या सीमेवर बुरशी वाढते, तिचा. तो धुऊन काढला. आतली नळी बाहेर आली. तिला आधार देणारी एक पत्र्याची पट्टी होती, आणि ती जिथे नळीला घासत होती तिथे, बरोबर अर्ध्यावर, केसाएवढी चीर होती. नुसत्या डोळ्यांना तो गंजाचा ओरखडा वाटला असता. मिस्त्रीने नळीचं खालचं तोंड अंगठ्याने दाबलं, ती बादलीतल्या पाण्यात धरली आणि वरून फुंकली. चिरेतून बुडबुडे आले.

त्याने नळी पुसली, उन्हात तिरकी धरून चिरेची कड नखाने चाचपली. कड घासून गुळगुळीत, काळी झालेली. "ही या वर्षातली नाही," तो म्हणाला. "बरीच जुनी आहे."

कुणीच काही बोललं नाही. तात्या रोज संध्याकाळी टाकी भरायचे. दिवसभरात ती अर्ध्याखाली क्वचितच जात असेल, आणि गेली तरी सपाटीवर, घराजवळ. चीर तेव्हाही होती. उधारीच्या डिझेलखाली झाकलेली. बाळाने उधारी बंद केली, रोखीने थोडं थोडं घेतलं, आणि ती उघडी पडली.

चिरेला पितळी ब्रेझिंग केलं. ते करायला गॅसवाल्याकडे नुसती नळी नेली. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिला कधी आगीजवळ नेऊ नये, आत वाफ असते. पट्टी आणि नळी यांच्यामध्ये रबराचा तुकडा बसवला. टाकी उतरलीच होती म्हणून काट्याचा फ्लोटही बदलला. सगळं मिळून जो खर्च आला तो पंपाच्या बिलापुढे किरकोळ होता. मिस्त्रीने फीड पंपाची मजुरी परत आणून दिली. "पडदा जुना होता, तो बदलायलाच हवा होता, त्याचे पैसे ठेवतो," म्हणाला. "पण मजुरी माझ्या चुकीची." आईने ती घेतली आणि जमेच्या बाजूला लिहिली. पंपाचं बिल तसंच राहिलं. कराडवाल्यांनी सांगितलेलं काम केलं होतं. काय सांगायचं ते इथे चुकलं होतं.

ट्रायल उरली होती. अण्णांनी अट घातली, "टाकी भरायची नाही. काटा पावाच्या आसपास हवा." आई पहिल्यांदाच ट्रायलला निघाली. चुलतेही आले. पोफळी गेली, चढ लागला. नवा काटा चढावर डुलत होता. जिथे तात्या दुसरा टाकायचे तिथे बाळाने क्षणभर दांड्यावर हात ठेवला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि पहिला टाकला. गाडीत माणसं भरलेली होती. पहिलाच बरोबर होता. नारळ फोडलेलं वळण मागे गेलं. त्याच्या पुढचंही.

घाटमाथा आल्यावर चुलत्यांनी पुढे वाकून हळू आवाजात म्हटलं, "म्हणजे वहिनी, हे दादाच्या वेळेपासूनचं होतं. पोराला उगाच बोल लागला. चूक दादाची."

"त्यांची कशी चूक, भाऊजी?" आई म्हणाली. "त्यांना दिसली असती तर त्यांनी काढली असती. त्यांना दिसली नाही, याला दिसली. आता तळावर जाऊन त्यांना नावं ठेवू नका. पोराला ठेवली तेवढी पुरे झाली."

चुलत्यांनी मान हलवली. पाटणला बाळाने पंपावर गाडी घेतली, खिशातले पैसे मोजले आणि दहा लिटर घालायला सांगितलं. मीटरचा आकडा त्याने आईला ओरडून सांगितला. तिने पिशवीतून वही काढली होतीच.